सही कुणाची, सहनशक्ती कुणाची

गेल्या काही वर्षांत आमच्या सीमाभागातल्या जैन महिला मंडळांत एक नवा कार्यक्रम चांगलाच रुळला आहे. पूर्वी पाककृती स्पर्धा, रांगोळी, धार्मिक प्रश्नमंजूषा असं काहीबाही असायचं. आता 'नेतृत्व आणि मेंदू' असतं. शहरातून प्रशिक्षक येतात. पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र उमटतं, त्यातला बदामाच्या आकाराचा एक भाग लालभडक झालेला असतो. त्याचं नाव अमिग्डला. भीती तिथं उठते, तिला शांत करायला शिका, म्हणजे कितीही अपयश आलं तरी तुम्ही खचणार नाही, असं सांगतात. मग दीर्घ श्वास, कृतज्ञतेची वही, आरशासमोर उभं राहून स्वतःला शाबासकी आणि २१ दिवसांत नवी सवय. शेवटी अल्पोपहार, प्रमाणपत्र, आणि सूर्यास्ताच्या आत सगळ्या आपापल्या घरी.

या शिबिरांना बायका आवडीनं जातात, मीही जाते. मेंदूच्या शास्त्राविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी, की हे शास्त्र आपल्याला अर्धंच सांगितलं जातं आणि गाळलेला अर्धा भाग नेमका तोच असतो, जो ऐकून पुढच्या रांगेत बसलेल्या विश्वस्तांना खुर्चीत चुळबूळ करावी लागेल. मी कला शाखेची पदवीधर, मेंदूशास्त्र मला कुणी शिकवलेलं नाही. पण वाचता येतं, आणि कुणी काय गाळलं हे ओळखायला बाईला कॉलेजात जावं लागत नाही.

आधी जे सांगतात तेच किती ढिलं असतं ते बघू. २१ दिवसांची गोष्ट घ्या. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० साली एका पुस्तकात लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' वाटेत कुठंतरी गळून पडलं आणि उरलेलं वाक्य जगभर फिरलं. पुढं लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांच्या सवयी खरोखर मोजल्या. सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. म्हणजे बाविसाव्या दिवशी जमलं नाही म्हणून एखादी स्वतःला नावं ठेवत बसली असेल, तर त्यात तिचा दोष काय?

'तुमच्या आत एक सरड्याचा मेंदू आहे' हेही असंच. पॉल मॅक्लीन यांनी मेंदूचे तीन थर कल्पिले होते, सर्वांत खाली सरपटणाऱ्या प्राण्याचा. उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी ही कल्पना कधीच मोडीत काढली आहे. प्रशिक्षकांच्या पडद्यावर मात्र तो सरडा अजून जिवंत आहे.

आणि आपण हे मान्य का करतो? त्याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डीना वाइसबर्ग यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही स्पष्टीकरणं वाचायला दिली, काही चांगली, काही फोल. फोल स्पष्टीकरणात 'मेंदूच्या अमुक भागात हालचाल दिसली' असं एक अनावश्यक वाक्य घातलं, की सामान्य वाचकांना तेच स्पष्टीकरण जास्त पटायला लागलं. जे मुरलेले तज्ज्ञ होते, ते फसले नाहीत. आपल्याकडं तज्ज्ञ कुठून येणार? आपल्यापुढं चित्र येतं आणि आपण माना डोलावतो.

आता गाळलेला भाग. तो सांगताना माझा हात अडखळतो, कारण त्याची सुरुवात मुक्या जनावरांच्या यातनेतून झाली. आपण पाणी गाळून पिणारी माणसं. प्रयोगशाळेत कुत्र्यांना विजेचे झटके दिले हे वाचून पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. त्या हिंसेचं समर्थन मी करणार नाही. पण इतक्या वेदनेतून जे समजलं, ते निदान उलटं तरी सांगू नये.

१९६७ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. काही कुत्र्यांना झटका बसला की डोक्यानं एक पट्टी दाबून तो बंद करता येत होता. दुसऱ्या गटाला तितकेच झटके, तितकाच वेळ; पण त्यांनी काहीही केलं तरी झटका थांबत नव्हता. नंतर दोन्ही गटांना अशा जागी सोडलं, जिथं बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून सुटली. दुसऱ्या गटातली बहुतेक जागीच पडून राहिली. झटके सारखे होते. फरक एवढाच, की एकाच्या हातात ते थांबवणं होतं आणि दुसऱ्याच्या नव्हतं.

तेव्हा त्या दोघांनी निष्कर्ष काढला, की असहाय असणं शिकलं जातं. मग मायर मेंदूच्या अभ्यासाकडं वळले, उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि जवळजवळ ५० वर्षांनी, २०१६ साली, दोघांनी मिळून आपलाच जुना निष्कर्ष फिरवला. त्यांनी लिहिलं, की दुःख लांबलं की गळून जाणं, हातपाय न हलवणं, ही मेंदूची उपजत प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. मेंदूच्या देठातला एक छोटा भाग ती घडवून आणतो. शिकावं लागतं ते याच्या उलटं: 'मी केलं तर फरक पडतो' हे. कपाळामागच्या मेंदूच्या आतल्या भागाला जेव्हा प्रत्यक्ष अनुभवातून कळतं की परिस्थिती आपल्या हातात आहे, तेव्हा तो त्या खालच्या भागाला आवर घालतो. आणखी एक गोष्ट दिसली. ज्या जनावराला आधी एकदा असा ताबा मिळालेला होता, ते पुढं खरोखर हतबल करणाऱ्या प्रसंगातही लवकर कोसळलं नाही. लस टोचल्यासारखं झालं.

हे वाचून मला आपले उपवास आठवले. दशलक्षण पर्वात दहा दिवस निर्जळ किंवा फक्त पाण्यावर राहणारी बाई आपण पाहतो. चेहरा सुकलेला असतो, पण ती हसून बोलते, पूजेला बसते, सुनेला काय हवं-नको विचारते. त्याच बाईला एरवी पाहुण्यांच्या गडबडीत एक संध्याकाळ उपाशी राहावं लागलं आणि कुणी 'तुम्ही जेवलात का?' असं विचारलंही नाही, तर ती रात्रभर तळमळते. पोटातली भूक तीच. एक तिनं स्वतः घेतलेली असते, दुसरी तिच्यावर पडलेली असते.

माणसांवरचेही प्रयोग आहेत, आणि त्यात कुणाला इजा नाही. १९६९ साली डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना मोठा, मधूनच होणारा गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं, हे बटण आहे, फारच झालं तर दाबा, आवाज बंद होईल. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही गोंगाट संपल्यावर, बटण नसलेल्यांपेक्षा ते अवघड कोडी जास्त वेळ सोडवत राहिले आणि मुद्रितं तपासताना त्यांच्या चुका कमी झाल्या. बटण जवळ असणं एवढंच पुरेसं होतं.

आणि खुद्द नेत्यांचं काय? आपण धरून चालतो, की जितकं मोठं पद तितका जास्त ताण. २०१२ साली हार्वर्डच्या गॅरी शेर्मन, जेनिफर लर्नर आणि इतरांनी सरकारी आणि लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांची लाळ तपासून ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, मोजलं. नेतृत्वपदावरच्यांमध्ये ते कमी निघालं. ज्यांच्याकडं जास्त अधिकार होते त्यांच्यात आणखी कमी, आणि याचा धागा 'सूत्रं माझ्या हातात आहेत' या जाणिवेशी जुळला. मुळात शांत असलेलीच माणसं वर पोचत असतील, अशी शंका कुणी घेईल, आणि ती रास्त आहे. पण ब्रिटनमधल्या १०,००० हून अधिक सरकारी नोकरांचा मायकेल मार्मट यांनी केलेला अभ्यासही त्याच दिशेला बोट दाखवतो. कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांना हृदयविकार जास्त. वरचे साहेब खालच्या कारकुनांपेक्षा बरे.

म्हणजे अपयश पचवणारा नेता घडवायचा तर मेंदूशास्त्राचं पहिलं सांगणं हे आहे: त्याच्या हातात खरोखर काहीतरी असू द्या. हे वाक्य मी एकाही शिबिरात ऐकलेलं नाही.

आता आपल्या मंडळांकडं या. महिला शाखेच्या अध्यक्षा म्हणून जिचं नाव पत्रिकेवर छापतात, तिच्या हातात काय असतं? पंचकल्याणक असलं की चौक्याची व्यवस्था तिची, कलशयात्रेच्या साड्यांचा रंग ठरवणं तिचं, बाहेरगावच्या माणसांची उठबस तिची. बोली किती, पैसा कुठं लावायचा, मंडप कुणाला द्यायचा, हे आतल्या खोलीत ठरतं. ग्रामपंचायतीचं चित्र वेगळं नाही. कर्नाटकात २०१० पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण कितीतरी अध्यक्षबाईंचा फोन त्यांचे यजमानच उचलतात.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचं सांगते. गाव सांगत नाही, ट्रस्टही सांगत नाही. वाचताना प्रत्येकीला आपलंच गाव वाटेल. त्यांच्या मंडळानं तीन वर्षं दिवाळीचा फराळ, पापड, सांडगे विकून पैसे साठवले. बस्तीच्या आवारात मुलींसाठी अभ्यासिका काढायची होती, कारण घरात दहावीच्या मुलीला टेबल मिळत नाही. महिला शाखेला स्वतःचं बँक खातं नव्हतं, म्हणून पैसे ट्रस्टच्या खात्यात. एक दिवस ग्रॅनाइटचा ट्रक दारात आला तेव्हा वहिनींना कळलं, की सभामंडपाची फरशी बदलायचा ठराव झाला आहे आणि त्यात ते पैसे धरले आहेत. त्या विचारायला गेल्या. विश्वस्तांतले वडीलधारे अण्णा शांतपणे म्हणाले, "वहिनी, पैसा देवाच्याच कामी लागला ना? मग वाईट कशाला वाटून घेता?" वहिनी घरी आल्या आणि त्यानंतर बैठकींना जायच्या थांबल्या. गावात बोललं गेलं, बाई मनानं फार हळवी. पुढच्या वर्षी त्याच ट्रस्टनं महिलांसाठी शिबिर ठेवलं, विषय: अपयशातून उभं कसं राहायचं.

हे मला सर्वांत जास्त लागतं. आधी पट्टी काढून घ्यायची, मग उडी का मारत नाहीस म्हणून विचारायचं, आणि वर उडी मारायचं प्रशिक्षण द्यायचं. वहिनींच्या अमिग्डलाला काही झालेलं नव्हतं. त्यांच्या मेंदूनं अगदी बरोबर हिशेब केला होता, की इथं मी काही केलं तरी फरक पडत नाही. तो हिशेब बदलायचा तर आधी वस्तुस्थिती बदलली पाहिजे.

कुणी म्हणेल, बटण खरं नसलं तरी चालतं ना? त्या लोकांनी तर ते दाबलंच नव्हतं! खरं आहे. खोटं बटणसुद्धा काम करतं, पण पहिल्यांदा दाबून बघेपर्यंतच. आमच्या बायकांनी ते कधीच दाबून बघितलेलं आहे.

याहून वजनदार आक्षेप धर्माच्या नावानं येतो. आपला धर्म समता शिकवतो, २२ परीषह सोसायला सांगतो, दहा धर्मांत पहिलीच उत्तम क्षमा. मग बाई अधिकार कसला मागतेस? यावर माझं उत्तर असं, की परीषह सोसतात ते मुनी. दीक्षा कुणी कुणावर लादत नाही. ती मागून घ्यावी लागते, घरच्यांचा निरोप घेऊन, हात जोडून, समाजासमोर. श्रावकाचं साधं व्रतसुद्धा आपण घेतो; ते आपल्यावर पडत नाही. आणि जगाचा कर्ता कुणी ईश्वर आहे असं आपला धर्म मानत नाही. आपल्या कर्माचा कर्ता आणि भोक्ता आपलाच आत्मा. कर्तेपण हे ज्या धर्माच्या पायात आहे, त्याच धर्माच्या संस्थेत बाईनं फक्त भोक्ती व्हावं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? क्षमा तर ज्याला उलट उत्तर देता येत असतं त्यानं करायची. ज्याला काहीच करता येत नाही, त्याच्या गप्प बसण्याला क्षमा म्हणणं हा क्षमेचाही अपमान आहे.

शिबिरात सांगतात ते सगळंच टाकाऊ आहे, असंही मी म्हणत नाही. श्वास, सामायिक, मनातलं दुःख शब्दांत मांडणं, यांचा उपयोग आहे. पण त्यातलं जे पक्कं ठरलेलं आहे, तेही पुढं नेलं की व्यवस्थेपाशीच येतं. झोपेचं बघा. २००७ साली मॅथ्यू वॉकर यांच्या गटानं दाखवलं, की एक रात्र झोप नसलेल्या माणसांना त्रासदायक चित्रं दाखवली तर तोच अमिग्डला सुमारे ६० टक्के जास्त उसळतो. मग पहाटे उठून पाणी गाळणाऱ्या, चौका लावणाऱ्या बायकांना रात्री नऊच्या बैठकीला बोलावणारे कोण? बैठक दुपारी ठेवा, हा मेंदूशास्त्राचाच सल्ला आहे.

दुसरं, सोबतीचं. २००६ साली जेम्स कोन यांनी १६ विवाहित स्त्रियांचा मेंदू तपासला. आता झटका बसेल, अशी धाकधूक असताना नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतली धोक्याची हालचाल बरीच कमी झाली. परक्याच्या हातानं थोडी. ज्यांचा संसार जास्त समाधानाचा, त्यांना गुण जास्त. याचा अर्थ साधा आहे. अकरा पुरुषांच्या ट्रस्टवर शोभेपुरती एक बाई घेऊ नका. तिच्या शेजारच्या खुर्चीत विश्वासाची दुसरी बाई असू द्या.

आपल्या इतिहासालाही हे ठाऊक आहे. दहाव्या शतकात याच कन्नड मुलखात अत्तिमब्बे होऊन गेली. नवरा नागदेव चालुक्यांचा सेनानी, तो गेला. तिची धाकटी बहीण गुंडमब्बे, तीही नागदेवाचीच पत्नी, सती गेली. अत्तिमब्बे लहान मुलासाठी मागं राहिली. पुढं तिनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १,००० प्रती हातानं लिहवून घेऊन वाटल्या, रन्न कवीला आश्रय दिला, लक्कुंडीला जिनालय उभं केलं. ते आजही उभं आहे. तिला दानचिंतामणी म्हणतात. तिच्या धीराची कीर्तनं करताना एक विसरू नये. दान करायला हातात धन लागतं, आणि ते कुठं लावायचं हे ठरवायचा अधिकार लागतो. तो तिच्याकडं होता. पुढं मुंबईत मगनबाईंना लहान वयात वैधव्य आलं, तेव्हा वडील शेठ माणिकचंद हिराचंद यांनी मुलीला कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. त्या मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवला आणि कितीतरी विधवा तिथं शिकून उभ्या राहिल्या. वडिलांनी मुलीला धीराचा उपदेश केला असेल-नसेल. काम मात्र हातात दिलं.

म्हणून पुढच्या वेळी कुणी शिबिर ठेवतो म्हणालं, तर विश्वस्तांपुढं आधी हे ठेवू या. महिला शाखेचं बँक खातं वेगळं असावं आणि त्यावर सह्या महिला शाखेच्याच दोघींच्या. आमच्या बैठकीचं इतिवृत्त आम्ही लिहू. झालेला ठराव आम्हाला न विचारता फिरवायचा नाही. ट्रस्टवर किमान दोन बायका, मतदानाच्या अधिकारासह. एखादा उपक्रम फसला तर हिशेब मागा, जरूर मागा, पण पुरुषांची समिती फसली तर जितकी मुदत देता तितकी आम्हालाही द्या. पैसे आमच्या हातून बुडाले तर बुडाले, त्यातून आम्ही शिकू. ट्रस्टच्या हातूनही आजवर काही कमी बुडालेले नाहीत.

आणि आपण बायकांनीही पद स्वीकारताना हाराकडं बघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: सही कुणाची, किल्ली कुणाकडं, आणि मी 'नाही' म्हटलं तर ते काम थांबेल का? तिन्हींची उत्तरं 'तसं काही नाही हो, आपण घरचेच आहोत' अशी आली, तर नम्रपणे सांगावं, की मग अध्यक्षपणही घरच्याच कुणाला तरी द्या.

घरातल्या मुलींचंही तेवढ्यासाठीच बघावं. लस लहानपणी टोचतात. दहा वर्षांच्या पोरीला महिन्याचे शंभर रुपये देऊन ते कसे खर्चायचे ते तिचं तिला ठरवू द्या, चुकू द्या, पुन्हा ठरवू द्या. मोठेपणी ती कुठल्याशा समितीत बसेल आणि तिचा एखादा ठराव पडेल, तेव्हा तिला आपल्या शिबिराची आठवण काढावी लागणार नाही.

वहिनींच्या अभ्यासिकेचं काम अजून झालेलं नाही. ते पैसे परत करावेत, अशी लेखी मागणी त्यांच्या मंडळातल्या सात जणींनी या चातुर्मासात केली आहे. अर्जावर पहिली सही वहिनींची आहे.